सोमवारचं तिकीट विकू नका: सिॲटलच्या मराठी सीहॉक्सप्रेमींना खुलं पत्र

बेलव्ह्यू, ४ सप्टेंबर २०२२

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गणपती बसलेत, घरोघरी जाणंयेणं चालू आहे, आणि रेडमंडपासून बॉथेलपर्यंत ज्या ज्या घरी आरतीला गेले तिथे प्रसाद हातात पडायच्या आत एकच विषय निघाला. येत्या सोमवारी, १२ सप्टेंबरला, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या आपल्या सीहॉक्स संघाचा दहा वर्षं क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) असलेला रसेल विल्सन आता डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाची जर्सी घालून आपल्या ल्युमेन फील्ड स्टेडियमवर उतरणार. त्या गप्पांत तीन वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकली. "यंदा काही खरं नाही." "हरलेलंच बरं, पुढच्या वर्षी पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक मिळेल." आणि "तिकिटाला एवढा भाव आलाय, विकून टाकतो." हे तिसरं वाक्य मनाला फार लागलं, म्हणून हे पत्र.

दुःख मलाही झालंय. आपल्यातले बरेचजण नोकरीनिमित्त इथे आले ते नेमके विल्सनच्या काळात. २०१२ साली तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर निवडलेला, पाच फूट अकरा इंचाचा मुलगा. या जागेसाठी उंची कमी पडते, असं सगळे म्हणत होते. त्याने दहा हंगामांत १०४ सामने जिंकून दिले, २९२ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले, आणि २ फेब्रुवारी २०१४ ला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, याच डेन्व्हरला ४३-८ असं लोळवलं. त्या विजयाच्या मिरवणुकीला कडाक्याच्या थंडीत लाखो लोक रस्त्यावर उभे होते. दर मंगळवारी तो मुलांच्या हॉस्पिटलमध्ये जायचा. आपल्या मुलांच्या कपाटात आजही ३ नंबरच्या जर्सी आहेत. असा माणूस ८ मार्चला गेला, आणि त्याच दिवशी बॉबी वॅग्नरलाही मोकळं केल्याची बातमी आली. एका दिवसात आक्रमणाचा चेहरा गेला आणि बचावाचा कणाही गेला. त्या रात्री कुणाला जेवण गोड लागलं नसेल तर त्यात नवल नाही.

पण आता सहा महिने झाले, आणि मला वाटतं आपण गेलेल्याचा हिशेब पुरेसा केला, आलेल्याचा केलाच नाही.

विल्सन आणि चौथ्या फेरीतली एक निवड देऊन आपण डेन्व्हरकडून काय घेतलं? क्वार्टरबॅक ड्रू लॉक, टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) नोआ फँट, बचाव फळीतला शेल्बी हॅरिस. त्याशिवाय २०२२ च्या ड्राफ्टमधली पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या फेरीची निवड, आणि २०२३ ची पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची निवड. पुण्या-नागपूरहून आलेल्या आईबाबांना हे समजावताना मी एवढंच सांगते की आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, तसा इथे कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंचा होत नाही. इथे ड्राफ्ट असतो, म्हणजे संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, मागच्या वर्षी जो तळाला होता त्याची पाळी आधी. ही पाळी विकता येते, बदलता येते. म्हणजे पहिल्या फेरीतली निवड हे संघाचं खरं धन, आणि ते आपल्याकडे उरलंच नव्हतं. बचावपटू जमाल ॲडम्ससाठी २०२१ आणि २०२२ अशा दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आपण न्यूयॉर्क जेट्सना देऊन बसलो होतो. मागच्या वर्षी ७-१० (सात विजय, दहा पराभव) अशी कामगिरी झाली, त्यातून आपल्या वाट्याला येणारी दहाव्या क्रमांकाची निवड जेट्सनी वापरली. डेन्व्हरचा नववा क्रमांक हातात आला म्हणून निदान एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये आपल्याला बसायला खुर्ची मिळाली.

आणि त्या नवव्या क्रमांकावर कोण आला ते पाहा. चार्ल्स क्रॉस. लेफ्ट टॅकल. म्हणजे क्वार्टरबॅकच्या डाव्या हाताला उभा राहणारा, त्याच्या पाठीमागून येणारा हल्ला अडवणारा माणूस. त्याचं नाव कुठल्या मुलाच्या पाठीवर दिसणार नाही, पण माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतली ही आपली सगळ्यात शहाणी निवड आहे. तिसऱ्या फेरीत, ७२ व्या क्रमांकावर, एब्राहम लुकस आला. तो राइट टॅकल, एव्हरेटचा, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलेला, आपल्याच मातीतला मुलगा. आय-५ महामार्गावरच्या एका गावात वाढलेला पोरगा आता त्याच महामार्गावरच्या सिॲटलमध्ये खेळणार. पहिल्याच सामन्यापासून हे दोघं दोन बाजूंना उभे राहतील अशी चिन्हं आहेत.

याचं महत्त्व मला एवढं का वाटतं? कारण विल्सन दहा हंगामांत ४२७ वेळा सॅक झाला. चेंडू टाकायच्या आत जमिनीवर आदळला. त्यातले काही सॅक त्याने स्वतः ओढवून घेतले, तो चेंडू फार वेळ हातात धरून ठेवायचा, हे खरंच. पण आठवा, २०२१ च्या फेब्रुवारीत तो उघडपणे बोलला की मला फार मार बसतो. तिथूनच तो आणि संघ यांच्यात अंतर पडत गेलं. आपण वर्षानुवर्षं पुढची फळी दुबळी ठेवली आणि एका माणसाच्या चपळाईवर भागवत राहिलो. ओल आलेल्या भिंतीवर दर वर्षी नवा रंग मारावा तसं ते होतं. नऊ-दहा सामने जिंकायचो, प्लेऑफला (बाद फेरीला) जायचो, आणि तिथे कुणी तगडी फळी घेऊन आला की संपायचं. १ फेब्रुवारी २०१५ च्या हरलेल्या सुपर बोलची ती रात्र, गोल लाइनपासून एका यार्डावर टाकलेला पास आणि तो हिसकावणारा न्यू इंग्लंडचा माल्कम बटलर, ती सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतरच्या सात हंगामांत आपण प्लेऑफचे फक्त तीन सामने जिंकले, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या आधीच्या पायरीपर्यंत, एकदाही पोचलो नाही, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही. म्हणजे "विल्सन असता तर" या वाक्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. विल्सन होताच की.

आता पैशाचं बोलते, कारण आपल्यातल्या अनेकांना आकडे आवडतात आणि या खेळात आकडे निर्दयी आहेत. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा असते. यंदा ती २०.८२ कोटी डॉलर आहे, प्रत्येकाला सारखीच. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याचा इथे उपयोग नाही. २०१३ साली विल्सन त्याच्या पहिल्या करारावर खेळत होता आणि त्याचा वर्षाचा खर्च दहा लाख डॉलरपेक्षाही कमी होता. म्हणून तर त्या वर्षी मायकेल बेनेट आणि क्लिफ ॲव्हरिल या बचावपटूंना आणता आलं, आणि लीगमध्ये सगळ्यात कमी गुण देणारा बचाव उभा राहिला. २०१९ मध्ये विल्सनचा चार वर्षांचा १४ कोटींचा करार झाला आणि हे गणित उलटलं. परवा गुरुवारीच डेन्व्हरने त्याला पाच वर्षांचा नवा २४.५ कोटी डॉलरचा करार दिला. त्याचं त्याला लखलाभ, त्याने ते कमावलं आहे. पण ही रक्कम आपल्याला द्यावी लागली असती तर क्रॉस आणि लुकसच्या भोवती बाकीचे वीसजण कुठून आणले असते, हे कुणी सांगेल का? यंदा विल्सनच्या जुन्या कराराचे २.६ कोटी डॉलर आपल्या मर्यादेत अडकलेत, ते दुखणं आहे. पुढच्या वर्षी तेही सुटतं.

काहीजण म्हणतात, संघ मोडीत काढला. हे मला पटत नाही. मोडीत काढायचा असता तर जुलैमध्ये रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) डीके मेटकाफला तीन वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलर दिले नसते. टायलर लॉकेट आहे, क्वान्ड्रे डिग्ज आहे. आणि पीट कॅरल, येत्या १५ तारखेला एकाहत्तर पूर्ण करणारे, लीगमधले वयाने सगळ्यात मोठे प्रशिक्षक, सरावाच्या मैदानावर अजून पोरासोरांबरोबर धावतात. हा माणूस मोडायला बसलेला नाही.

शिवाय कॅरल आणि जनरल मॅनेजर जॉन श्नायडर यांनी हे एकदा करून दाखवलं आहे. २०१० साली दोघं आले तेव्हा पहिल्या फेरीतली त्यांची पहिली निवड कोणती होती? सहाव्या क्रमांकावर रसेल ओकुंग, लेफ्ट टॅकल. यंदाही सुरुवात तिथूनच. तेव्हा पाचव्या फेरीत कॅम चॅन्सलर मिळाला, पुढच्या वर्षी पाचव्याच फेरीत, १५४ व्या क्रमांकावर, रिचर्ड शर्मन; दोघंही पुढे बचावातले तारे झाले. पहिली दोन्ही वर्षं ७-९. मग २०१२ चा ड्राफ्ट, ज्याला बऱ्याच पंडितांनी थेट नापास केलं होतं: ब्रूस अर्विन, बॉबी वॅग्नर, रसेल विल्सन. त्या वर्षी ११-५, पुढच्या वर्षी १३-३ आणि सुपर बोल.

यंदा पाचव्या फेरीत, १५३ व्या क्रमांकावर, तारिक वूलन आला आहे. सहा फूट चार इंच उंच, चाळीस यार्ड ४.२६ सेकंदांत धावणारा, आणि शर्मनसारखाच कॉलेजमध्ये आधी रिसीव्हर होता, नंतर कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) झाला. तो दुसरा शर्मन होईल असं मी म्हणत नाही. पहिले काही आठवडे तो चुकेल, समोरचे क्वार्टरबॅक त्याच्याच दिशेने चेंडू टाकतील. पण अशा मुलाला मैदानावर चुकायला जागा देणारा संघ आज आपल्याकडे आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. चौथ्या फेरीतला कोबी ब्रायंट, दुसऱ्या फेरीतले बॉय माफे आणि केनेथ वॉकर, सगळे असेच. वॉकरने मागच्या वर्षी मिशिगन स्टेटसाठी १,६३६ यार्ड धाव घेतली. हर्नियाच्या शस्त्रक्रियेमुळे तो सोमवारी बहुधा दिसणार नाही, पण तो आला की बघा.

ड्राफ्ट फसतोही, हे मी नाकारत नाही. २०१७ मध्ये आपली त्या वर्षीची पहिली निवड होती मलिक मॅकडॉवेल, आणि अपघातात जखमी झाल्यामुळे तो आपल्यासाठी एकही खेळी खेळला नाही. २०१९ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेल्या एल. जे. कोलियरकडून जी अपेक्षा होती ती पुरी झाली नाही. डेट्रॉइटने मागच्या वर्षी आपला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सना दिला. स्टॅफर्ड तिथे पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला आणि डेट्रॉइटच्या हाती लागलं ३-१३-१ (एक बरोबरी). त्यांचे चाहते अजून वाट बघताहेत. उलटं उदाहरण डॅलसचं: १९८९ साली त्यांनी आपला सगळ्यात मोठा तारा हर्शल वॉकर मिनेसोटाला दिला, त्या वर्षी १-१५ असे रडले, आणि त्याच निवडींच्या जोरावर पुढच्या दशकात तीन सुपर बोल जिंकले. वॉकर क्वार्टरबॅक नव्हता, पण धडधाकट संघ कसा उभा राहतो ते त्यातून दिसतं. दोन्ही शक्यता आपल्यासमोर आहेत, आणि माझा भरवसा दुसरीवर आहे, कारण यंदाच्या निवडींमध्ये मला हौस दिसत नाही, गरज ओळखलेली दिसते.

राहिला जीनो स्मिथ. त्याच्याविषयी आपल्या गप्पांत जे बोललं जातं ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं. २०१३ साली जेट्सनी दुसऱ्या फेरीत त्याला घेतलं. २०१५ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्याच्या ठोशाने त्याचा जबडा मोडला आणि जागा गेली ती गेलीच. मग न्यूयॉर्क जायंट्स, चार्जर्स, आणि २०१९ पासून आपल्याकडे, विल्सनच्या मागे. विल्सन तोवर कधी एक सामना चुकला नव्हता, त्यामुळे जीनो नुसता उभा. तरी दर आठवड्याला खेळणार असल्यासारखी तयारी. मागच्या ऑक्टोबरमध्ये विल्सनचं बोट दुखावलं, जीनो आत आला आणि रॅम्सविरुद्ध पहिल्याच वेळी आपल्या गोल लाइनजवळून ९८ यार्ड नेऊन टचडाऊन केला. त्या काळात त्याने पाच टचडाऊन पास टाकले आणि एकच इंटरसेप्शन दिलं, म्हणजे एकदाच त्याचा पास विरोधकाने झेलला. गेल्या २६ तारखेला कॅरल यांनी पहिला क्वार्टरबॅक म्हणून त्याचं नाव जाहीर केलं. सरावाचे तिन्ही सामने आपण हरलो, हे मला माहीत आहे. पण सात वर्षं थांबलेल्या माणसाला निदान चार खरे सामने तरी द्या. त्याने पहिला पास चुकवला की लगेच "लॉकला आणा" असं ओरडणं आपल्याला शोभणार नाही.

आणि "हरलेलंच बरं" हे म्हणणं तर सोडूनच द्या. पुढच्या ड्राफ्टमध्ये चांगले क्वार्टरबॅक आहेत, मान्य. पण आपल्याकडे डेन्व्हरचीही पहिल्या फेरीची निवड आहे. कुणाच्या हरण्यावर नजर ठेवायचीच असेल तर दर रविवारी त्यांच्यावर ठेवा. क्रॉस, लुकस, वूलन यांना पहिल्याच वर्षी हरायची सवय लागली तर पुढचा कुठलाही क्वार्टरबॅक येऊन ती घालवू शकणार नाही. शिवाय ज्या वर्षी कुणी आपल्याकडून काही अपेक्षा ठेवत नाही, त्याच वर्षी या मैदानावर काय काय घडलं आहे! ८ जानेवारी २०११. ७-९ असा संघ, प्लेऑफला येण्याची लायकी नाही म्हणून सगळीकडे टीका, समोर गतविजेते न्यू ऑर्लिन्स सेंट्स. आणि आपला मार्शॉन लिंच ६७ यार्ड धावला, एकेकाला झिडकारत, आणि त्या जल्लोषाने जमीन अशी हादरली की जवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली. क्वार्टरबॅक होता मॅट हॅसलबेक. विल्सन तेव्हा कॉलेजात होता. या स्टेडियमचा सगळ्यात लाडका क्षण पुनर्बांधणीच्या पहिल्या वर्षातला आहे. तो पाहायला जे आले होते त्यांनी तिकीट विकलं नव्हतं.

म्हणून सोमवारी या. आपण या संघाचे 'बारावे' आहोत. १९८४ साली संघाने १२ नंबरची जर्सी प्रेक्षकांसाठी राखून ठेवली, ती कुठल्या खेळाडूला मिळत नाही. ते केवळ मान देण्यासाठी नव्हतं. पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक आपल्या फळीला आवाजाने इशारा देतो, चेंडू कधी उचलायचा ते सांगतो. तो आवाज पोचला नाही की कुणीतरी आधी हलतं आणि पाच यार्डांचा दंड बसतो. २ डिसेंबर २०१३ ला आपण १३७.६ डेसिबलपर्यंत गेलो होतो, तेव्हाचा विक्रम. विल्सनने दहा वर्षं हा आवाज आपल्या बाजूने ऐकला. तो चेंडू घेऊन उभा राहिला की आपण श्वास रोखून गप्प असायचो. सोमवारी तो पहिल्यांदा त्याच जागी उभा राहील आणि आवाज त्याच्या विरुद्ध असेल. ते सत्तर हजारांच्या घशातून यायला हवं, आणि तुमच्या खुर्चीत डेन्व्हरचा माणूस बसला असेल तर तेवढा कमी येईल.

एक विनंती त्याच्याविषयीही. तो सरावाला मैदानात येईल तेव्हा हुर्यो करू नका. उभं राहून एकदा मनापासून टाळ्या वाजवा. या गावाला सुपर बोल देणाऱ्या संघाचा तो क्वार्टरबॅक होता, आणि जाताना त्याने नवव्या क्रमांकाचा क्रॉस आपल्याला मिळवून दिला. मुलांना ३ नंबरची जर्सी घालायची असेल तर घालू द्या. नाणेफेक झाली की मग मात्र कसलीही दयामाया नको. आणि नव्याने येणाऱ्यांना आठवण करून द्या: चेंडू जीनोकडे असताना शांत, डेन्व्हरकडे असताना छत उडेल एवढं.

हंगाम पाहताना नुसता धावफलक बघू नका. दर सामन्यात थोडा वेळ चेंडूवरून नजर काढून क्रॉस आणि लुकसकडे बघा. समोरचा धिप्पाड गडी आत शिरतो की बाहेर फेकला जातो, जीनोला किती वेळ मिळतो, दुसऱ्या हाफमध्ये त्यांचे पाय जड होतात का. सोमवारी क्रॉससमोर ब्रॅडली चब असेल, मुरलेला पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. क्रॉस दोन-चारदा हरेल. डिसेंबरपर्यंत तो किती वेळा हरतो, ते मोजू.

सामना सव्वापाचला आहे. सोमवार असल्याने आय-९० वर ऑफिसची गर्दी असेल. बेलव्ह्यूहून ५५० नंबरची बस धरणाऱ्यांनी दुपारी साडेतीनच्या आत निघावं, इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टला उतरून चालत जाता येतं. त्या संध्याकाळच्या मीटिंगा आत्ताच पुढे ढकला. आणि खरोखरच काही अडचण असेल, यायला जमणार नसेल, तर तिकीट वेबसाइटवर टाकण्याआधी आपल्यातल्यांना विचारा. या वर्षी नव्याने आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत ज्यांच्या मुलांनी अजून स्टेडियम आतून पाहिलेलं नाही. घेतलं त्याच भावात त्यांना द्या.

आपली,
ईस्टसाइडवरची एक सीहॉक्सप्रेमी